तिसरी फाइल

चिमट्याची आठही टोके चिपच्या आठ पायांवर एकदाची टेकली आणि चिप वाचणाऱ्या रीडरवरचा हिरवा दिवा न मिचमिचता स्थिर राहिला. त्याने श्वास रोखला. याआधी दोनदा दिवा लागला होता आणि बोटांना जरासा कंप सुटताच विझला होता. या खेपेला त्याने कोपर टेबलावर रोवले होते, मनगटाखाली रुमालाची घडी ठेवली होती. समोर पोट उघडून पडलेले ते खेळायचे यंत्र तळहाताएवढे होते. बिजागरी तुटलेली, वरचा पडदा आतून काळवंडलेला, आणि बटणांच्या फटीत अठरा वर्षांपूर्वीच्या बिस्किटाचा चुरा. बाकीचे सगळे यंत्र त्याने साफ केले होते. चुऱ्याला ब्रश लावला नव्हता.

“लागली का नाडी?” पलीकडच्या टेबलावरून उस्तादांनी विचारले.

“लागली.”

“मग सोडू नकोस. म्हातारी माणसं आणि जुन्या चिपा एकदा बोलायला लागल्या की मध्ये तोडायचं नाही. रुसतात.”

दुकान उस्तादांचे होते. पाण्यात पडलेले फोन, जळालेले संगणक, पायाखाली चिरडलेली कार्डे लोक तिथे घेऊन येत आणि त्यातले फोटो, पत्रे, हिशेब बाहेर काढून मागत. मेलेले जिवंत होणार नाही, बोलते झाले तर झाले, असे उस्ताद प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी बजावत. तो इथे नऊ वर्षे काम करत होता. नऊ वर्षांत त्याने परक्यांच्या घरातले काय काय वर काढले होते, पण स्वतःच्या घरातून कधी एक तारही आणली नव्हती. या महिन्यात त्याने हे यंत्र आणले, आणि उस्तादांनी कुणाचे म्हणून विचारले नाही.

ते धाकट्या बहिणीचे होते. ती अकरा वर्षांची असताना गेली, दम्याने, एका दुपारी. यंत्र तेव्हापासून आईच्या कपाटात, लोकरीच्या शालीत गुंडाळलेले होते.

तीन आठवड्यांपूर्वी तो ओट्याशी भांडी विसळत असताना आईने एकाएकी विचारले होते,

“त्या डबीत तिची ती खेळातली बाग असेल ना रे अजून?”

त्याने वळून पाहिले नाही. “बॅटरी मेलीय आई. पडदाही गेलाय.”

“मग तुमचं दुकान करतं काय? परक्यांची लग्नं पाण्यातून बाहेर काढता. घरची एवढीशी बाग निघत नाही?”

आईच्या डोळ्यांचे दिवस आता मोजके होते. अक्षरे केव्हाच गेली होती. रंग आणि उजेड तेवढा उरला होता, आणि तोही हिवाळ्यापर्यंत टिकला तर टिकला, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. अठ्ठावीस वर्षे नर्स म्हणून काढलेल्या बाईला गोड बोलून चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक असावे. आईने ते ऐकून घेतले, घरी येऊन कपाट आवरले, आणि त्या आवराआवरीत शाल हाताला लागली.

“तुला तिची ती जांभळी फुलं आठवतात का?” ती म्हणाली होती. “संध्याफुलं. बागेत सात वाजले, दिवे लागले, की उमलायची. आणि हिला सहाला डबी ठेवून अभ्यासाला बसायचं, हा माझा कायदा. मग रोज रडारड. शेवटी मीच त्या डबीचं घड्याळ तीन तास पुढं करून दिलं. खरे चार वाजले की तिकडे सात. दिवे लागले की स्वारी ओरडायची, सात वाजले, जेवायला वाढ.”

ती हसली. नळाखाली धरलेला पेला केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी त्याने तो बराच वेळ धरून ठेवला.

काम वाटले त्याहून चिवट निघाले. जुन्या यंत्राचे सोंग संगणकाकडून वठवून घेणारा एम्युलेटर सहज मिळाला. पण सोंग वठायला मूळ यंत्राच्या पोटातल्या तीन फाइली लागतात, आणि त्या मिळेपर्यंत तो काळ्या पडद्यापलीकडे काही दाखवत नाही. पहिल्या दोन फाइली त्या जातीच्या सगळ्या यंत्रांत सारख्याच असतात. दुकानात तसेच एक चालू यंत्र होते, त्यातून त्याने त्या उतरवून घेतल्या, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या. एम्युलेटरने त्या नाकारल्या. अर्धा दिवस डोके खाजवल्यावर लक्षात आले, की एका फाइलीच्या नावात एक अक्षर मोठे पडले होते.

“पक्का कारकून आहे,” उस्ताद म्हणाले होते. “माणूस समोर उभा असला तरी अर्जात नाव नीट नसेल तर ओळखणार नाही.”

तिसरी फाइल मात्र प्रत्येक यंत्राची स्वतःची. मालकाचे नाव, त्याचा वाढदिवस, त्याने लावलेले घड्याळ हे सगळे तिच्यात असते. त्याने तीही दुकानातल्या यंत्राचीच घालून पाहिली. खेळ सुरू झाला. गवताची कड असलेले लाकडी फाटक आले, आणि त्यावर पाटी: ही बाग दुसऱ्या यंत्राची आहे. फाटक बंद आहे. म्हणून आज हा चिमटा, हा रुमाल, हा रोखलेला श्वास.

रीडरवरची पट्टी टोकाला गेली. त्याने चिप पुन्हा पहिल्यापासून वाचली. दोनदा वाचायचे, दोन्ही वाचने अक्षरशः जुळली तरच ते खरे मानायचे, हा दुकानाचा नियम होता. दोन्ही जुळली.

इथे थांबता आले असते. फाइल फोल्डरमध्ये टाकायची, घरी जायचे. पण नऊ वर्षांची सवय. बाहेर काढलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. आकड्यांच्या त्या रुक्ष रांगांमध्ये उजव्या कडेला आधी नाव दिसले. रोमन अक्षरांत तिने लिहिले होते: थोरली. घरातल्या धाकटीने. त्याखाली वाढदिवस, आणि मालकाने जगाला द्यायचा एका ओळीचा संदेश: हात लावू नकोस. विचारून घे.

आणि त्याखाली, कुठे असते हे त्याच्यासारख्यालाच माहीत असलेल्या जागी, मालकाने घड्याळ किती सेकंद हलवले त्याची नोंद. दहा हजार आठशे साठ. तीन तास आणि वर एक मिनिट.

यंत्रात बसणाऱ्या खेळाच्या कार्डातली बाग त्याने आदल्या आठवड्यातच उतरवून ठेवली होती. शेवटची भेट: ती गेली तोच दिवस, सात वाजून सहा मिनिटे. हा आकडा त्याने तेव्हाही पाहिला होता. सातला ती या जगात नव्हती, म्हणजे यंत्राचे घड्याळ भरकटलेले, वेळेला काही अर्थ नाही, असे त्याने स्वतःला समजावले होते. आईचे ते तीन तास त्याला आठवत नव्हते असे नाही. पण आठवण ही काही नोंद नव्हे. आई चुकत असेल, नंतर कुणी घड्याळ बदलले असेल, अशा फटी तिला असतात. या आकड्याला फट नव्हती. मन नको नको म्हणत असताना बोटांनीच वजाबाकी केली.

चार वाजून पाच.

त्या दिवशी आईची सकाळपाळी होती. धाकटीचा दम्याचा पंप संपत आला होता. दोन वाजता तो नवा पंप आणायला निघाला, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, छाती जरा वाजत होती, रोजच्यासारखी. लवकर ये, असेही ती म्हणाली नाही. पडद्यातून डोके वर न काढता नुसता हात हलवला. औषधांचे दुकान पाच मिनिटांवर. परतताना मैदानावर सामना चालू होता आणि एक गडी कमी होता. त्याला कधी कुणी खेळायला बोलावत नसे. सोळा वर्षांच्या आयुष्यात त्या दुपारी पहिल्यांदा कुणीतरी कुंपणाजवळ येऊन म्हणाले, अरे, तू येतोस का? धावताना खिशातला पंप मांडीवर आपटत होता, हे त्याला आजही आठवत होते.

घरी आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. ती कुशीवर होती, यंत्र गालाखाली. झोपली, असे त्याला वाटले. त्याने पंप उशाशी ठेवला, अंगावर चादर घातली, आणि आई येईपर्यंत बाहेरच्या खोलीत आवाज न करता बसून राहिला. आई पाचला आली.

मी पंधरा मिनिटांत परत आलो, तेव्हा झोपली होती, असे त्याने सांगितले. एवढेच तो त्या दिवशी बोलला, आणि नंतर त्याबद्दल कधी काही बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, अडीचच्या सुमारास गेली असावी, झोपेतच. कुणी जवळ असते तरी कळले नसते. त्या एका वाक्यावर मग घर उभे राहिले. वडील दहा वर्षे त्याच वाक्याला धरून जगले आणि त्याला धरूनच गेले. ‘अडीचला, झोपेतच,’ असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि प्रत्येक वेळी तो उठून आतल्या खोलीत जाई.

“निघालं?” उस्तादांचा आवाज.

“निघालं.”

“दोनदा वाचलंस?”

“दोनदा.”

“मग तोंड का असं? जुळलं नाही?”

“जुळलं.”

उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे, मग उघड्या यंत्राकडे पाहिले. “एक सांगू? गिऱ्हाइकानं मागितलं नाही ते आपण दाखवत नाही. ते बरोबरच आहे. पण मागितलेल्यातलं कापायचं नाही. कापलेलं कळतं त्यांना. कसं ते मला विचारू नकोस, पण कळतं.”

त्याने यंत्राचे स्क्रू एकेक करून परत बसवले. बिस्किटाचा चुरा होता तिथेच राहिला.

रविवारी दुपारी आई अंघोळ करून, केस नीट विंचरून, धुतलेली साडी नेसून टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली. संगणक त्याने टीव्हीला जोडला होता. ती इतकी पुढे सरकली, की काचेवर तिच्या श्वासाचे वर्तुळ उमटायचे तेवढे राहिले.

“टीव्हीला नाक लावू नका म्हणून तुम्हा दोघांना ओरडायचे मी,” ती म्हणाली. “आता मला ओरडायला कोण आहे?”

“मी आहे की.”

“तू कुठला ओरडतोस. तू तोंड उघडलंस तर पेढे वाटायला हवेत.”

कार्डातली वेळ बदलायला त्याला दोन मिनिटे लागली असती. काल रात्री त्याने तसे केले नव्हते. करायची गरजही नव्हती. आईला अक्षरे दिसत नव्हती; जे लिहिले आहे ते त्यानेच वाचून दाखवायचे होते. साडेपाच म्हणायचे. त्यातून तीन तास काढले की अडीच. आई मनातल्या मनात वजाबाकी करील, मान हलवील, आणि ते वाक्य जिथे होते तिथेच राहील. बसमध्ये, अंथरुणात, दाढी करताना त्याने हे हजारदा घोकले होते.

एम्युलेटरने पहिली फाइल घेतली, दुसरी घेतली, क्षणभर घुटमळून तिसरी घेतली. छोटासा, काचेवर नखाने टिचकी मारावी तसा सूर वाजला. आईचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला.

“हाच,” ती म्हणाली. “हाच वाजायचा. काय लिहिलंय?”

“नाव आहे. थोरली.”

आई हसली, पोटातून, मान मागे टाकून. किती वर्षांनी, ते त्याला सांगता आले नसते. “दादा आधी जन्मला म्हणून काय झालं, म्हणायची. अक्कल मला आधी आली. आणि खाली काय आहे?”

“हात लावू नकोस. विचारून घे.”

“ते तुलाच रे.”

“हो.”

त्याने खेळ उघडला. फाटकावरची पाटी या खेपेला आली नाही. पडद्यावर एक चौकट उभी राहिली. बाग शेवटची सोडताना जशी होती तसे तिचे चित्र, त्याखाली भेटीची वेळ, आणि खाली कोपऱ्यात ‘आत चला’ असे बटण. वाफे तिने नागमोडी काढले होते. मधोमध बाक होता आणि बाकाखाली एक कुत्रे झोपले होते.

“सांग,” आई म्हणाली. “हिरवं कळतंय मला. हे जांभळं काय?”

“संध्याफुलं. चार ओळी आहेत. सगळी...” तो थांबला. “फुलं आहेत.”

“आणि वेळ? वेळ लिहायचा तो खेळ. कधी भेट दिली ते.”

“हो. लिहिलीय.”

“किती?”

“साडेपाच.”

हजारदा घोकलेला शब्द, तो अगदी सहज बाहेर आला. आईने मान हलवली. मग तिने खुर्चीतून अंग पुढे काढले आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवले. बोट चाचपडत थोडे डावीकडे गेले, थांबले. तिथे पिवळा ठिपका होता. ते पुढे सरकले, पुन्हा थांबले. फाटकापाशी दोन, बाकाशी एक, वाफ्यांच्या कडेने ओळीने पाच. रात्री वॉर्डात खाटा मोजत जावे तसे ती एकेका ठिपक्यावरून बोट नेत गेली. दिव्यांचा त्याने विचारच केला नव्हता. तो इतके दिवस आकड्यांकडे पाहत होता. बागेकडे त्याने पाहिले नव्हते.

“साडेपाचला दिवे लागत नाहीत,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. नवख्या नर्सने ताप चुकीचा वाचला, तर दुरुस्त करावा तसा तो आवाज होता. “परत वाच.”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. साखळी खुळखुळली आणि थांबली.

“सात वाजून सहा.”

आईने मांडीवरच्या हाताची तीन बोटे एकामागून एक मिटली.

“चार सहा,” ती म्हणाली.

“चार पाच. घड्याळ एक मिनिट जास्तच पुढं होतं.”

बोलून गेल्यावर त्याला कळले, की आपण काय बोललो. आईने तोंड त्याच्याकडे वळवले. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, हे ठाऊक असूनही त्याने तो खाली घातला.

“आणि तू कधी आलास, दादा?”

धाकटी गेल्यापासून आई त्याला दादा म्हणत नव्हती. ज्याचा कुणी धाकटा नाही त्याला दादा कसे म्हणायचे, असे तिला वाटले असावे. त्याने कधी विचारले नव्हते.

“चार वीस. मला वाटलं झोपलीय.”

आई ती मिटलेली तीन बोटे उघडत होती, पुन्हा मिटत होती.

“मी आले तेव्हा हात गरम होते तिचे,” ती शेवटी म्हणाली. “पोटही. मनगट धरलं की वेळ कळते आम्हाला, घड्याळ लागत नाही.”

“पण डॉक्टर तर अडीच...”

“डॉक्टर माझ्याच वॉर्डातले होते. मी सांगितलं तेच म्हणाले.” तिने पदराने काचेवरचे बोटांचे ठसे पुसले. “घरात एक मूल उरलं होतं.”

तो उठला नाही. आतल्या खोलीत जायला पाय निघाले होते, पण तो उठला नाही. पडद्यावर ‘आत चला’ हे बटण उघडझाप करत होते. त्याने माऊसवर हात ठेवला.

“आत जायचं?”

“नको,” आई म्हणाली. “अठरा वर्षांचं गवत माजलं असेल आत. ते मला नको दाखवू. इथूनच दिसतंय तेवढं पुरे.”

दोघे बसून राहिली. दहा मिनिटे कुणी हात लावला नाही की संगणक आपणहून पडदा मंद करी. दिवे आधी करडे होत, मग फुले, मग सगळीच बाग. आईची नुसती मान किंचित पुढे होई. मग तो एक कळ दाबी, आणि फाटकापासून वाफ्यापर्यंत दिवे पुन्हा लागत.